न खोडता वाचलेला इतिहास : वानखडे सरांच्या साठीनिमित्त

आदरणीय दिगंबर वानखडे सरांनी लिहिलेली लायब्ररी जगात कुणालाही फुकट मिळते. ती आम्हाला कितीला पडली, हे या गौरवग्रंथात कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून मीच सुरुवात करतो. अकरा वर्षांचे रविवार. अर्धविरामाची कळ झिजून कोरी झालेले तीन कीबोर्ड. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या. वहिनींच्या माहेरची, मोताळ्याची, चार लग्नं, ज्यांना वहिनी एकट्या गेल्या आणि "सर कुठी हायेत?" या प्रश्नाला "लिहून राह्यले" एवढंच उत्तर देऊन परत आल्या. शिवाय सरांच्या चष्म्याचा नंबर, तो दर दोन वर्षांनी वाढत गेला. बेरीज ज्यानं त्यानं करावी.

मी गजानन इंगळे. मेहकरच्या बसस्टँडसमोर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. दहावीला गणितात गेलो, मग रेडिओ दुरुस्त केले, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आणि लोकांनी ते सगळं भंगारात काढलं तेव्हा कॉम्प्युटर. माझं शिक्षण पुस्तकानं कमी आणि कानानं जास्त झालं. बिघडलेली वस्तू काही ना काही बोलतेच, फक्त आपण मध्ये बोलायचं नसतं.

सर तेव्हा आमच्या गावच्या तंत्रनिकेतनात नुकतेच रुजू झाले होते. एका दुपारी ते जेवणाचा स्टीलचा डबा घेऊन दुकानात आले. डबा उघडला तर आत रुमालात गुंडाळलेली हार्डडिस्क.

"ही टकटक करते," सर म्हणाले.

मी ती जोडली, कान टेकवला आणि सांगितलं, "सर, दोन दिवस. लई झाले तं तीन."

"दुरुस्तीला?"

"नाही. मराले."

दुसरा कुणी असता तर माझ्यावर डाफरला असता. सरांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मग दोन दिवसांत जेवढं निघेल तेवढं काढू. बसू का इथं?" बसले. दोन्ही दिवस बसले. डिस्कमधलं निम्मं निघालं, निम्मं गेलं. निघालेलं उघडायला गेलो तर नेहमीचं सॉफ्टवेअर म्हणे, माल खराब आहे, मी उघडत नाही. तेव्हा सरांनी स्वतः लिहिलेला एक अर्धामुर्धा प्रोग्रॅम चालवला. तो काही रुसला नाही. जेवढं शाबूत होतं तेवढं त्यानं एकेक ओळ वाचून दाखवलं, आणि जिथं वाचता येईना तिथं सरळ सांगितलं की इथलं मला दिसत नाही. तीच पुढे सरांची लायब्ररी झाली.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लायब्ररी म्हणजे इथं पुस्तकांचं कपाट नव्हे. एकानं नीट करून ठेवलेलं काम, जे दुसऱ्यांनी आपापल्या प्रोग्रॅमला जोडून वापरायचं. आणि ती वाचते काय? तर इतिहास. तलाठ्याकडे जमिनीचे फेरफार असतात, तसे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडेही असतात : कुणी बदललं, कधी बदललं, काय बदललं. जुनी नोंद खोडायची नाही, नवी खाली लावायची. प्रत्येक नोंदीला लांबलचक क्रमांक, आणि त्या क्रमांकात मागच्या नोंदीचा क्रमांक विणलेला. म्हणून मधली एक नोंद कुणी बदलली, तर तिथून खालचे सगळे क्रमांक बदलतात. हा सगळा दस्तऐवज C या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, थेट, कुणाच्या मध्यस्थीशिवाय वाचायचा, हे सरांनी अंगावर घेतलेलं काम.

ते त्यांनी कसं केलं हे त्यांचे विद्यार्थी या ग्रंथात माझ्यापेक्षा बरं सांगतील. मी एवढंच सांगतो की C मध्ये जवळपास प्रत्येक वाक्य अर्धविरामानं संपतं, आणि मशीनच्या मेमरीत कामापुरती जागा मागून घ्यावी लागते आणि काम झालं की आपणहून परत करावी लागते; मागून झाडायला कुणी येत नाही. सरांचा स्वभावही तोच. माझ्या दुकानातून नेलेला स्क्रू-ड्रायव्हर संध्याकाळच्या आत परत आला नाही, असं एकदाही झालं नाही.

मला त्यांनी दिलेला मान मी विसरणार नाही. लायब्ररी कशी वापरायची याची माहितीपत्रकं सर लिहीत आणि रविवारी मला घरी बोलावून वाचून दाखवत. म्हणत, "गजाननराव, तुम्हाला समजलं तर सगळ्यांना समजेल." मी दहावी नापास माणूस, लाजून 'हूं, हूं' करत बसे. एकदा सर मध्येच थांबले. "हे तुम्हाला समजलं नाही. तुमचा 'हूं' लवकर आला." आणि अख्खं पान त्यांनी पुन्हा लिहिलं. कान तीक्ष्ण असणारा गावात मी एकटाच नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सरांची प्रयोगशाळा मीच उभी करून दिली. आठ मशीनं. शिकण्याच्या निमित्तानं मुलं तिथं सरांच्या लायब्ररीवर काम करत. सरांचा एक नियम मुलांना जाचायचा. मशीनवरून उठण्याआधी रजिस्टरमध्ये पेनानं लिहायचं : नाव, मशीन नंबर, वेळ आणि आज काय बदललं याची एक ओळ. मुलं कुरकुरायची, "सर, मशीन लिहितेच ना हे सगळं, आम्ही काऊन लिहावं?" सर म्हणत, "मशीन लिहिते ते मशीनला कळलेलं. तुम्ही लिहा तुम्हाला कळलेलं." एकानं वैतागून लिहिलं, "आज काहीच केलं नाही." सरांनी त्याखाली सही केली आणि लिहिलं, "खरं लिहिल्याबद्दल आभारी आहे."

आता माझा पराक्रम. एकदा मी प्रयोगशाळेत पंखे साफ करायला गेलो होतो. मुलांनी गंमत म्हणून मला एक यादी काढून दाखवली : लायब्ररीच्या इतिहासात कुणाच्या नावावर किती नोंदी. पहिलं नाव गजानन इंगळे! माझा आकडा सरांच्या दुप्पट. "काका, तुमी तं पयल्या नंबरवर!" म्हणत मुलं हसली. मला वाटलं, कौतुकानं हसली. आठही मशीनं आपण जगवली, त्याचा हिशेब कॉम्प्युटरनं धरला असेल, अशी मी माझी समजूत घातली. यादीचा कागद मागून घेतला, प्लास्टिकमध्ये घातला आणि दुकानाच्या काचेवर आतून चिकटवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागलो, "पाहून घ्या, वानखडे सर दोन नंबर, मी एक नंबर."

महिनाभर हे चाललं. मग एका बाजाराच्या दिवशी शेजारच्या चहाच्या टपरीवरचं बोलणं कानावर आलं. बोलत होते डोणगाव रस्त्याकडच्या खेड्यातले सोनुनेभाऊ. भाजीपाला पिकवतात, त्या दिवशी वांगी घेऊन आले होते. त्यांची वैशाली सरांची विद्यार्थिनी, हुशार पोर.

"पोरीले काल पुन्याच्या कंपनीनं बलावलं होतं," सोनुनेभाऊ सांगत होते. "तिनं सांगतलं का सरांच्या कामातला अमका भाग म्या केला. त्याइनं तिच्यासमोरच कॉम्प्युटर उघडला. तं नाव दुसऱ्याचंच!"

"मंग?"

"मंग काय. म्हने आठ दिवसांत पुरावा द्या, नाही तं खोटं बोलनाऱ्याले आमी घेत नाही. पोरगी तवापासून जेवली नाही बे. मी कोठून पुरावा आनू? वांग्याचा असता तं देला असता."

"पन नाव निंगालं कोनाचं?"

"कोनी गजानन इंगळे म्हनते."

माझ्या हातात तापलेली सोल्डरिंग गन होती, ती तशीच राहिली. टपरीवाल्यानं माझ्या दुकानाकडे बोट केलेलं मी काचेतून पाहिलं. त्याच काचेतून, त्या कागदाच्या बाजूनं.

कागद ओरबाडून काढला आणि तडक सरांच्या घरी गेलो. सरांनी यादी पाहिली आणि एकच विचारलं, "गजाननराव, मशीनं तयार करताना नावाच्या जागी काय टाकलं होतं?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी एक मशीन नीट तयार केलं होतं आणि त्याचीच नक्कल बाकी सातांवर उतरवली होती. सॉफ्टवेअरनं नाव विचारलं, मी माझं दिलं. त्या दिवसापासून त्या खोलीत कुणीही काहीही बदललं, की नोंद माझ्या नावावर. मुलांना ती गंमत वाटली. आणि सर? सर नावं पाहतच नव्हते. ओळी वाचूनच त्यांना कळायचं की हे वैशालीचं, हे दुसऱ्या कुणाचं. अक्षरावरून माणूस ओळखावा तसं. "चूक तुमची निम्मी," सर म्हणाले. "निम्मी माझी."

वैशालीला बोलावलं. तिच्यासोबत दोघं-तिघं मित्र आले. त्यातला एक म्हणाला, "सर, सोपं आहे. इतिहासच नव्यानं लिहून टाकू. काकांचं नाव काढायचं, आमची टाकायची. दहा मिनिटांचं काम."

"नाही," सर म्हणाले.

"काऊन नाही, सर?"

"सगळे क्रमांक बदलतील. आपली प्रत ज्यांनी ज्यांनी घेतली त्यांचं आपल्याशी जुळणार नाही. आणि कंपनीवाल्यांनी जुना इतिहास पाहिलाय. आठ दिवसांनी त्यांना नवा दिसला, तर ते काय समजतील?"

वैशाली उभीच होती. म्हणाली, "म्हणजे मी खोटीच राहू, सर?"

मला राहवलं नाही. "सर, पोरीचं नुकसान माझ्यापायी होऊन राह्यलं. टाका ना बदलून."

सरांनी कपाट उघडून प्रयोगशाळेची भरलेली रजिस्टरं काढली. "इतिहास बदलायचा नाही. तो वाचणारी लायब्ररी आपली आहे ना? मग तिला नीट वाचायला शिकवू."

सरांनी लायब्ररीत एक नवी सोय करायला घेतली. इतिहासाला हात न लावता शेजारी एक दुरुस्तीपत्र ठेवायचं : अमुक क्रमांकाच्या नोंदीचं खरं नाव अमुक, आधार रजिस्टरचं तमुक पान. लायब्ररी दोन्ही दाखवणार, लिहिलेलं नाव आणि खरं नाव. लपवायचं काहीच नाही.

पुढचे सहा दिवस मी दुकान अर्ध्या दिवसानं उघडलं. मी रजिस्टर मोठ्यानं वाचायचो, वैशाली नोंद शोधायची, सर तपासून दुरुस्तीपत्रात घालायचे. काही नोंदींची वेळ कशाशीच जुळेना, कित्येक वर्षं मागची. मी ओशाळून सांगितलं, "तीन नंबरचं मशीन हे. त्याचा आतला सेल मेला होता, लाईट गेली की घड्याळ मागं जायचं. मी आज बदलतो, उद्या बदलतो करत राहिलो." सर खूश झाले. "वा! म्हणजे चुकीच्या वेळेची प्रत्येक नोंद तीन नंबरवरची. आता रजिस्टरात तीन नंबर शोधा." माझा आळस असा कामी आला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता तुमीबी लागले का लिहायले, भाऊजी?"

शेवटी चार नोंदी उरल्या. रजिस्टरच्या त्या पानावर पाणी सांडलं होतं. वैशाली म्हणाली, "सर, या माझ्याच आहेत. मला पक्कं आठवतं."

"असतील," सर म्हणाले. "मलाही तसंच वाटतं. पण रजिस्टर सांगत नाही."

"चारच तर आहेत, सर."

"म्हणूनच. लिही : खरा लेखक माहीत नाही."

तिनं लिहिलं. डोळे पुसत लिहिलं. मला तेव्हा सरांचा राग आला होता, हे या ग्रंथात कबूल करतो.

सातव्या दिवशी रजिस्टरच्या पानांचे फोटो, दुरुस्तीपत्र आणि सरांचं पत्र पुण्याला गेलं. दोन दिवसांनी फोन आला. फोन झाल्यावर वैशाली तडक दुकानात आली. "काका, त्याइनं घेतलं मला! तिथले साहेब म्हणाले, सगळंच माझ्या नावावर निघालं असतं तर त्यांना शंका आली असती. ते चार 'माहीत नाही' वाचले आणि बाकीचं पटलं." सोनुनेभाऊंनी पुढच्या बाजाराला टोपलंभर वांगी सरांच्या ओट्यावर आणून ओतली आणि विचारलं, "सर, माह्या पोरीनं नेमकं केलं तरी काय?" सर म्हणाले, "शेताकडच्या दोन पांदणी जिथं एक होतात, तिथं पुढं चालणारा माणूस दोनदा मोजला जायचा. आमच्या नोंदींचं तसंच व्हायचं; तुमच्या पोरीनं एकदाच मोजायला शिकवलं." भाऊंनी मान हलवून 'हूं' केलं. हा 'हूं' मात्र वेळेवर आला.

आज वैशाली पुण्यात मोठ्या जागेवर आहे आणि सरांच्या लायब्ररीची देखभाल तीच पाहते. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक मशीनवर आता बसणाऱ्याचं स्वतःचं नाव विचारलं जातं. रजिस्टर मात्र सुटलेलं नाही.

सर साठीचे झाले. डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय, म्हणून रोज सकाळी आम्ही दोघं बालाजीच्या देवळापर्यंत जाऊन येतो. वाटेत सर नव्या कामाबद्दल बोलतात आणि मी 'हूं' म्हणायच्या आधी थोडा थांबतो. सरांचे गुडघे, डोळे आणि साखर, तिन्ही त्यांच्या कह्यात राहोत. वहिनींसोबत पुढची सगळी लग्नं त्यांनी पंगतीत बसून जेवावीत. त्यांच्या हातून अर्धविरामाची कळ अजून खूप वर्षं झिजत राहावी आणि ती बदलून द्यायला मी दुकानात असावं, एवढंच माझं मागणं.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी वैशालीला फोन करून ती यादी खऱ्या नावांनी पुन्हा काढायला सांगितली. आता माझ्या नावावर चार नोंदी आहेत, पाणी सांडलेल्या त्या पानावरच्या; खरं नाव नाही, म्हणून लिहिलेलंच राहिलं. त्या कुणी लिहिल्या हे कुणालाच माहीत नाही. मी लिहिल्या नाहीत, एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे.