कानात कापूस घालून घेतलेली ट्रकची परीक्षा

सर्वप्रथम क्षमा मागते. जिला सायकलची चेनसुद्धा बसवता येत नाही, तिने ट्रकच्या इंजिनाविषयी लिहावे हे जरा धाडसच आहे... पण जे पाहिले ते मनात मावेना. जाणकारांनी चुका पदरात घ्याव्यात.

गुरुवारी सुट्टी होती म्हणून वर्तकनगरहून शहाडला सुमनआत्याकडे गेले होते. आत्याचा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे आणि सामानाचा जुना ट्रक ती स्वतः चालवते. तिला त्या उंच सीटवर चढताना पाहिले की मला आजही उगाचच ताठ बसावेसे वाटते...

यंदा मात्र ट्रकने तिला दगा दिला होता. गेल्या वर्षी माळशेज घाट निमूटपणे चढणारी गाडी या हंगामात घाटातच धापा टाकू लागली. अर्धे सामान रस्त्याकडेला उतरवावे लागले आणि वरच्या गावात वऱ्हाड दारात आले तरी मांडव अर्धाच उभा होता.

शुक्रवारी पुन्हा त्याच घाटापलीकडे सामान न्यायचे होते. होकार द्यायचा की काम दुसऱ्याला सोडायचे, हे गुरुवारी दुपारपर्यंत कळवायचे होते. आणखी एक मांडव अर्धवट राहिला असता, तर त्या बाजूला आत्याला पुन्हा कुणी बोलावले नसते.

आत्याचा मुलगा ओंकारदादा याचे मत ठाम होते... गाडीचा श्वास कोंडतोय! म्हणून त्याने मित्राच्या गॅरेजमधून हवा खेचणारा मोठा उघडा फिल्टर आणि रुंद पाइपाचा चकचकीत सायलेन्सर बसवून आणला होता. जुने भाग गॅरेजमध्येच पडून होते.

सकाळी गाडी सुरू झाली आणि नाक्यावरची कबुतरे एकदम उडाली. रिक्षावाले काका ओरडले, "सुमनताई, विमान घेतलंत काय?"

"बघ आई, कसली ताकद आलीय!" दादाचा चेहरा उजळला होता.

"अरे, बँडवाला जोरात वाजवतो म्हणून नवरदेव काय धावत सुटतो का?"

एवढे बोलून आत्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीजवळ ठेवलेला वातींचा कापूस घेतला, त्याचे दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत घातले. "आता पायाला काय कळतं ते बघू," म्हणाली... मी थक्क होऊन पाहत राहिले. आवाजाने मन फसते, म्हणून तिने आवाजच परीक्षेतून काढून टाकला होता!

बांबू आणि लोखंडी पाइप भरून आम्ही तिघे शहाडच्या पुलाकडे निघालो. भरलेली गाडी त्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये हमखास गुदमरायची आणि दुसरा टाकावा लागायचा. या वेळी मात्र तिसऱ्यातच वर गेली... दादाने आनंदाने दरवाज्यावर थाप मारली.

तेव्हा मी काहीतरी पुटपुटले. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी शिकवले होते की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि इथे तर दोन बदलल्या होत्या. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझा आवाज घशातच राहतो. त्यात आत्याच्या कानात कापूस!

"मोठ्यानं बोल गं!" आत्या खेकसली. मग बोलले... आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने.

"काय गं टॉपर, चढली ना गाडी? मग?" दादा हिरमुसला. पण आत्या म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. सायलेन्सर उतरव."

गाडी मित्राच्या गॅरेजमध्ये नेली आणि तिथल्या मिस्त्रींनी जुना सायलेन्सर परत चढवला. तोच पूल, तेच सामान, आत्याच्या कानात तोच कापूस... गाडी तशीच तिसऱ्यात चढली. म्हणजे ती सगळी गर्जना निव्वळ गर्जनाच होती.

राहिला फिल्टर. पुन्हा गॅरेजमध्ये आलो. जुना फिल्टर-डबा परत लावून पाहावा म्हणून दादाने तो उचलला आणि थबकला. हवा आत घेणाऱ्या तोंडावर मांडवाच्या गुलाबी झालरीचा तुकडा करकचून बांधलेला होता, धुळीने काळा पडलेला... दसऱ्याला ट्रक धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून आत्यानेच तो बांधला होता. मग पूजा झाली, झेंडूची माळ वरून आली आणि गाठ सोडायची राहून गेली.

आईला चिडवायची एवढी मोठी संधी, पण दादाने नुसती गाठ सोडली. आत्याच आधी हसली. "दसऱ्यापासून मीच हिचं नाक बांधून ठेवलंय, आणि शिव्या गाडीला!"

कापड निघाले, डब्यात नवा साधा फिल्टर बसला. गाडी पुन्हा तिसऱ्यात चढली. आत्याने तिथूनच फोन करून होकार कळवला आणि परतताना नाक्यावर गाडी थांबवून रिक्षावाल्या काकांना सांगितले, "विमान परत केलं. पण माझ्या पोरानं बरोबर ओळखलं होतं हो, श्वासच कोंडला होता!" स्वतःची चूक अशी भर नाक्यावर सांगून मुलाचा मान राखणे... पुस्तकांत वाचलेला मोठेपणा मी त्या केबिनमध्ये पाहिला.

शुक्रवारी मीही सोबत गेले. आत्याने गाडी दादाच्या हाती दिली होती. घाटाचे अवघड वळण आले, तेव्हा दादाने हसून विचारले, "आई, कापूस देऊ?"

"नको," ती म्हणाली. "आता ऐकू दे."

तोच जुना, घरगुती घरघराट करत ट्रक घाट चढला. संध्याकाळी वऱ्हाड आले, तेव्हा मांडव पुरा उभा होता... आणि आत्या प्रत्येकाला सांगत होती, "ही माझी भाची. मोठ्यानं बोलते हं!"

आत्या, दादा, मनापासून आभार.

रविवार, २२ फेब्रुवारी २०२६, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.