कोंबड्याचं कातडं

पहिलं भांडण पंख्यावरून झालं. मे महिना, खालापूरचा उकाडा, आणि मी पुढच्या खोलीतला एकुलता एक पंखा बंद करून ठेवलेला. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते, बनियन पाठीला चिकटलेलं. दहा मिनिटं त्यांनी सोसलं. मग उठून बटण दाबलं, आणि अर्धा तास खपून मी आकाराप्रमाणे निवडून ठेवलेली पिसं घरभर झाली. एक तर थेट आमटीच्या पातेल्यात जाऊन पडलं.

"कारखाना काढलायस का घरात?" बाबा म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "कारखानाच हाय."

कारखाना म्हणजे आईच्या शिवणाच्या मशीनचं टेबल. आई गेल्यावर मशीन मावशीकडे गेलं, टेबल मी दिलं नाही. मशीनच्या जागी पडलेल्या भोकावर प्लायवूडचा तुकडा ठोकला, वर पांढरा सनमायका चिकटवला, कारण बारीक गळ पांढऱ्यावरच दिसतो. मी माशा बांधते. खऱ्या नव्हेत. गळाला दोरा गुंडाळायचा, त्यात पिसं, केस, चमकीची तार अडकवायची आणि पाण्यावर पडलेला किडा वाटेल अशी वस्तू करायची. लांब काठीने, हलक्या दोरीने ती पाण्यावर टाकायची. मासा फसतो. मी त्याला सोडवते आणि परत पाण्यात सोडते. हे ऐकलं की लोक लगेच विचारतात, मग उपयोग काय? दिवसभर क्रिकेट बघत लोळणाऱ्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

शिकले कर्जतजवळ, नदीकाठच्या एका फार्महाऊसवर. तिथे मी पाहुण्यांच्या खोल्या सांभाळायची. एक म्हातारे गृहस्थ दर हिवाळ्यात यायचे आणि सकाळभर व्हरांड्यात बसून हेच करायचे. मी चादरी बदलायला गेले आणि चादरी हातात धरून तशीच उभी राहिले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बघायचंय की करायचंय?" मी म्हटलं, करायचंय. माझी पहिली माशी न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखी दिसत होती. पुढे चार महिने मी घरी मोबाईलवर व्हिडिओ लावून रोज बसले. आता ती नोकरी सुटली, मी खोपोलीत एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते, पण हे सुटलं नाही. सुटू देणारही नव्हते.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याचा व्हरांडा. खिडक्या दोन. एक शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडते, म्हणजे न उघडल्यासारखीच. दुसरी पूर्वेला, आणि तिथे बाबांची खुर्ची. बाबा तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. सगळी नोकरी त्यांनी साहेबांच्या दाराबाहेर, बोळातल्या स्टुलावर काढली. निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले, खुर्ची उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "आता मी उजेडात बसणार." माझं टेबल कपाटामागच्या कोपऱ्यात गेलं.

कोपरा तर कोपरा. मी तो माझा केला. मला या घरात एक जागा हवी होती, जिथे मी कुणाची मुलगी नाही, कुणाची बिनलग्नाची बहीण नाही, काउंटरवरची मॅडम नाही. स्वयंपाकघर माझं असं सगळे म्हणतात. स्वयंपाकघर ज्याला भूक लागते त्याचं असतं. गळ घट्ट धरायला शिकंजा लागतो. तो बाहेरून मागवायचा तर माझा अर्धा पगार गेला असता. खोपोलीतल्या एका लेथवाल्याने मला लहान ड्रिलचा चक, म्हणजे टोक पकडणारा जबडा, लोखंडी सळईवर बसवून दिला. "ताई, ह्याच्यात धरायचं काय?" त्याने विचारलं. मी गळ दाखवला. तो डोक्याला हात लावून हसला, पण चक सरळ बसवला. दोऱ्याचं रीळ धरायला सायकलच्या स्पोकची कडी वाकवली. गाठीवर लावायला नेलपॉलिश. आईच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत मापामापाचे गळ. टेबलाखाली मांडीवर पसरायला जुना दुपट्टा, आणि रोज उठताना फरशीवरून फिरवायला फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक, कारण बाबा घरात अनवाणी चालतात.

उजेड तेवढा नव्हता. क्लिपचा दिवा लावला, तर दिव्याखाली करडा आणि तपकिरी सारखेच दिसायचे. रात्री बांधलेली माशी सकाळी नदीवर काढावी तर भलत्याच रंगाची. मी खुर्चीकडे बघायची. खुर्चीतून बाबा पेपराच्या वरून माझ्याकडे बघायचे. त्यांना कळत होतं, आणि ते हलत नव्हते.

मग कातडं आलं.

दुकानातल्या पांढऱ्या कोंबड्यांची पिसं या कामाची नाहीत. पोतेऱ्यासारखी पाणी पितात आणि बुडतात. लागतो गावठी कोंबडा, तोही म्हातारा, ज्याच्या मानेवरची पिसं लांब, अरुंद आणि ताठ झालीत. कर्जतच्या बाजारात ठाकुरवाडीकडची एक बाई गावठी कोंबड्या घेऊन बसते. मी तिला मला काय हवंय ते सांगितलं. मांस नको, फक्त मानेचं कातडं, पिसांसकट. तिने मला दोनदा तेच विचारलं, शेजारणीला सांगितलं, दोघी हसल्या. पण पुढच्या आठवड्यात तिने सागाच्या पानात गुंडाळलेलं एक कातडं माझ्या हातात ठेवलं. लाल, आणि टोकाला विस्तवासारखं पिवळं. इतकं सुंदर काही मी कितीतरी वर्षांत हातात धरलं नव्हतं.

घरी येऊन मी ते साफ केलं. चमच्याच्या कडेने चरबी खरवडली, मीठ आणि तुरटी चोळली, फळीवर उलटं ताणून खिळ्यांनी ठोकलं आणि व्हरांड्यात सावलीला उभं केलं. सगळं व्हिडिओत सांगितलं होतं तसं. दुसरं काही माझ्या डोक्यातही आलं नाही, हे खरंच सांगते. ते आलं नाही, हीच माझी चूक.

बाबा फिरून आले आणि फळीसमोर थांबले. मग आत आले, चप्पल काढायची विसरले.

"ते कातडं कोणी वाळत घातलं?"

"मी."

माझ्या बाबांनी जन्मात चामड्याचा पट्टा बांधला नाही. रेक्झिनचा बांधतात, बूट कापडी. निवृत्तीला कचेरीतल्या लोकांनी चामड्याचं पाकीट दिलं, ते त्यांनी तिथल्या तिथे दुसऱ्याला देऊन टाकलं. आमच्या घरात ढोलकी कधी आली नाही. याचं कारण माझे आजोबा. मूळ गावी मोठ्या घरातली म्हैस मेली तेव्हा आजोबांनी ती ओढून न्यायला नकार दिला. आम्ही दीक्षा घेतलीय, हे काम आता करणार नाही, एवढंच बोलले. म्हैस तीन दिवस तिथेच पडून होती. गावाने आमच्यासाठी वाण्याचं दुकान बंद केलं, गिरणी बंद केली. आजी दाणे पाट्यावर रगडायची. शेवटी सगळं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन ते खालापूरला आले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय, आणि दर वेळी माझी मान ताठ झालीय.

"आपल्या घरात कातडं येत नाय," बाबा म्हणाले. "माझ्या बापानं त्यापायी गाव सोडलं."

"रविवारी कोंबडी शिजते आपल्याकडं. तिचं कातडं कुठं जातं?"

"खाणं वेगळं. मीठ लावून वाळवणं वेगळं. मला शिकवू नको."

"आज्यावर सक्ती होती, बाबा. माझ्यावर कोणाची हाय? मी ते माझ्या पैशानं आणलं, माझ्या आवडीनं. त्यानं नाय म्हणायचा हक्क मिळवला. मला हो म्हणायचा हक्क नाय का?"

"हो म्हणायला दुसरं कायच सापडलं नाय तुला?"

मला फार राग आला, आणि राग आला की मी आणखी आडमुठी होते. फळी मी काढली नाही. आठ दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तर उठून स्वतः घ्यायचे. संध्याकाळी वंदनेला बसले की माझ्यासाठी थांबायचे नाहीत. मी कोपऱ्यात पाठ फिरवून बसायची आणि दोरा तुटेपर्यंत ओढायची. रोज वाटायचं, जाऊन खिळे उपटावेत, कातडं गटारात टाकावं, आणि म्हाताऱ्याच्या पायाशी बसावं. आणि रोज वाटायचं, आज ते कातडं काढलं तर उद्या टेबल जाईल, परवा मी. दोन्ही खरं होतं.

नवव्या दिवशी, रविवारी, दारात मोठी गाडी उभी राहिली. उतरला तो आमच्या मूळ गावच्या त्याच मोठ्या घरातला, ज्यांची म्हैस मेली होती त्यांचा नातू. माझ्याच वयाचा. त्याने नदीकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्यात, आणि मासे धरायला येणाऱ्यांसाठी त्याला माशा हव्या होत्या. माझं नाव त्याला फार्महाऊसवर कळलं होतं, आडनावावरून आमचं गावही. माणूस अगदी अदबीचा. बाबांना काका म्हणाला, कॉटवर बसला, मी चहा दिला तो त्याने शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. बाबा त्याच्या कपाकडे बघत होते. माशा बघून तो खूश झाला, डबाभर हव्यात म्हणाला, दर महिन्याला. मी मनातल्या मनात महिन्याचे पैसेही मोजले, खोटं कशाला बोलू.

निघताना व्हरांड्यात त्याला फळी दिसली. तो वाकला, कातड्यावरून बोट फिरवलं.

"वा! काय साफ काम आहे. कुठे शिकलीस गं? म्हणजे शिकायची गरजच नाही म्हणा. हे रक्तातच असतं."

तो कौतुकाने म्हणाला. त्याला वाटलं आपण छान बोललो. मी काही बोलणार, तोवर मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रक्तात काय नाय," बाबा दारात येऊन म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या वाडवडलांनी आमच्याकडनं मेलेली ढोरं ओढून घेतली. कातडं कमावणं आमचं काम कधीच नव्हतं, एवढं पण तुमाला ठाऊक नाय. ही शिकली. चार महिने शिकली. बोटांना भोकं पाडून घेतली, दिव्याखाली डोळे फोडले, मी बघितलंय. शिकलेल्या माणसाला शिकलेलं म्हणायचं."

"काका, मी चांगल्या अर्थाने—"

"अर्थ मला कळला."

तो माझ्याकडे वळला. कसंनुसं हसला. "मग डबा कधी देशील?"

"तुम्हाला नाही देणार," मी म्हटलं.

आजोबांनी नाही म्हटलं तेव्हा गिरणी बंद झाली होती. माझं काहीच बंद झालं नाही. गाडी वळवताना त्याने हात पण केला.

मी व्हरांड्यात तशीच उभी राहिले. डबाभर माशांचं काम गेलं याचं वाईट वाटत होतं. चार महिने बाबा पेपर वाचत नव्हते, पेपराआडून मला बघत होते, हे मला आत्ता कळत होतं.

"कातडं आत येणार नाय," आतून बाबा म्हणाले. नऊ दिवसांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "पिसं हवीत तेवढी उपट आणि आण. कातडं बाहेर."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाय. बाहेर."

मग फरशीवर काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला. मी आत डोकावले. बाबा वाकून त्यांची खुर्ची ओढत होते. खिडकीतून काढून त्यांनी ती दाराजवळ आणली, भिंतीला टेकवली आणि खिडकीखालची मोकळी जागा पायाने झाडल्यासारखी केली.

"टेबल घे इकडं. उजेडात बस," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "उद्या एखादी माशी वाकडी झाली तर तो गावभर सांगत फिरेल, रक्तात असून जमलं नाय."

आणि खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी हात वर करून पंखा बंद केला.