मारुतीचं तेल आणि लेकीचे कान

त्या वर्षी मी देवाची घंटा देवासाठी वाजवतच नव्हतो. रावपुऱ्यातल्या आमच्या घरी रोज आरतीला मी देवाकडे पाठ करून उभा राहायचो आणि घंटा वाजवत चार वर्षांच्या लेकीकडे टक लावून बघायचो. मान वळवते का? डोळा हलतो का? ती खिडकीच्या गजांकडे बघत बसलेली असे. तान्हेपणापासून तिला झटके येत. आजार बीजातच आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून दोन्ही घराण्यांत आरोपी शोधायची चढाओढ लागली होती. मला मात्र एकच घोर होता: मी हाक मारतो ती तिच्यापर्यंत पोचते तरी का?

त्यासाठीच तपासणी ठरली. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवायच्या, कानात टकटक आवाज सोडायचा आणि मेंदू उत्तर देतो का ते पडद्यावर बघायचं. झटक्यांमुळे झोपेचं औषध देणं डॉक्टरांना नको होतं. म्हणून तिला आपसूक झोप यावी अशा बेताने दमवून आणा, आणि केस स्वच्छ धुऊन आणा, असं बजावलं होतं. बायकोने केस निगुतीने धुतले. दिवस नेमका शनिवारचा. निघायच्या आधी मी गुपचूप मारुतीला जाऊन आलो आणि त्याच्या पायांवरचं तेल लेकीच्या टाळूवर चांगलं जिरवलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, हे इथे सांगायला हवं.

तारा चिकटेनात. तपासणारा गुजराती मुलगा वैतागला, "अरे साहेब, माथामां तेल? हवे आ चोंटशे नहीं!" बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला देवसुद्धा धड वापरता येत नाही," ती म्हणाली. पेंगुळलेली पोर दचकून जागी झाली आणि रडू लागली. आज झालं नाही तर पुढची पाळी कधी, कोण जाणे. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत मारुतीला चांगलं फैलावर घेतलं.

तिथे बाकावर सावली गावाहून नातवाला घेऊन आलेल्या एक आजी, तिकडच्या भाषेत बा, बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "लाव दीकरीने," आण पोरीला इकडे, म्हणत त्यांनी पिशवीतून शाम्पूची पुडी काढली, त्या काळी पानाच्या टपरीवर माळेने लटकायची तशी. बेसिनपाशी बायकोने पोरीला धरलं, बांनी डोकं धुतलं, आपल्याच पदराने टिपलं. मग तिला मांडीवर घेऊन डोलत कसलंसं गुणगुणू लागल्या. परक्या माणसाचा हात लागला की अंग चोरणारी माझी पोर त्यांच्या छातीला कान लावून झोपली.

तारा चिकटल्या. पडद्यावर रेघा उमटू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "आवाज पोचतो. जरा उशिरा पोचतो, वेगळा पोचतो, पण पोचतो. त्याचं ती काय करते, ते आज मला सांगता येणार नाही."

मी धावत बाहेर आलो. अशा गोष्टींत मदत करणारी माणसं अंतर्धान पावतात. आमच्या बा बाकावर थेपला खात होत्या. पाया पडायला वाकलो, तर त्यांनी माझ्या हातात थेपला कोंबला. "पहेलां खा. मोढुं तो जो तारुं!" माझं तोंडच तसं उतरलेलं असावं.

समाधान झालं म्हणावं, तर नाही. संध्याकाळपर्यंत जीव पुन्हा तळमळू लागला: पोचतं, मग उत्तर का देत नाही? आरतीला उभा राहिलो आणि चटकन वाटलं, मी इतकी वर्षं ह्या देवाला हाका मारतोय. त्याने तरी कधी मान वळवलीय? म्हणून हाक पोचत नाही, असं थोडंच आहे? माझी हाक सकाळी माझ्याच गाढवपणाच्या तेलातून वाट काढून पोचली होती, आणि बांचा पदर ओला करून गेली होती.

त्या दिवशी मी प्रथमच लेकीकडे पाठ करून देवाकडे तोंड केलं. मागे वळून बघायची इच्छा अनावर झाली, तशी मी घंटा आणखी जोरात हाणू लागलो. तेवढ्यात बायकोने दंडाला धरलं.

"अहो, हळू," ती म्हणाली. "ऐकू जातं तिला."