कर नसलेल्या देशातले आप्पा

कर भरायला मिळत नाही म्हणून झुरणारा माणूस अख्ख्या आखातात एकच होता, आणि तो दर हिवाळ्यात आमच्याकडे शारजाला येत असे. आमच्याकडे म्हणजे वहिनींच्या घरी. मी तिथं स्वयंपाकाला आणि त्यांच्या मुलीला सांभाळायला होते. व्हिसाही त्यांचाच. आप्पा म्हणजे या वहिनींचे वडील, पुण्याच्या आयकर कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. पहिल्यांदा आले तेव्हा विमानतळावरून येताना त्यांनी साहेबांना विचारलं, "जावईबापू, इथलं आयकर कार्यालय कुठं आलं?" साहेब म्हणाले, "आप्पा, इथं इन्कमटॅक्सच नाही." आमची अल नहदाची वस्ती येईपर्यंत आप्पा खिडकीतून उंच उंच इमारती बघत राहिले. मग म्हणाले, "अरेरे! मग आपण किती मिळवतो हे या लोकांना कळतं तरी कसं?"

त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि कोरे फॉर्म, टाचण्या, कार्बन पेपर जास्त. दूध आणायची चिठ्ठीसुद्धा ते 'विषय' आणि 'संदर्भ' घालून लिहीत, आणि खालचा मल्याळी दुकानदार ती कौतुकानं काउंटरला चिकटवून ठेवी. कोणीही भेटलं की माणसं कसे आहात विचारतात, आप्पा विचारत, "तुमच्यावर अवलंबून किती?" दुकानदारालाही त्यांनी हिंदीत हे विचारलं. तो बोटं मोजत म्हणाला, "अम्मा, बीवी, चार बच्चा, दो बहन. और दूध के लिए ये पूरा बिल्डिंग." आप्पांना तो माणूस फार आवडला. साहेब दुबईहून ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून, चेहरा पाडून घरात शिरले की आप्पा पाण्याच्या आधी विचारत, "दोन तास गेले म्हणता, पुरावा काय?" नात म्हणायची, "आजोबा, यू आर सो वीअर्ड!" आणि तरी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर ऑफिसर होऊन बसायची आणि त्यांचे फॉर्म नापास करायची. घरात सगळे मला मावशी म्हणून एकेरी हाक मारत. आप्पा मात्र मला अहोजाहो करत. मला त्याची इतकी लाज वाटे की चहा ठेवून मी आत पळत असे.

त्यांच्या तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं काम निघालं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. ती गावी माझ्या भावाकडे राहून बारावी झाली आणि तिला नर्सिंगच्या कोर्सला जागा मिळाली. फीची सवलत मिळाली तरच शिकता येणार होतं, आणि सवलतीसाठी आईचं उत्पन्न कमी असल्याचा दाखला महिन्याभरात द्यायचा होता. भाऊ तहसील कचेरीत गेला तर तिथला माणूस हसला. "बहीण दुबईला, आणि उत्पन्न कमी? आम्ही काय दुधखुळे आहोत?" भावाचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. मी कुणाला काही बोलले नाही, पण त्या दिवशी पोळ्या सगळ्या वातड झाल्या. आप्पांनी एक चावून पाहिली आणि विचारलं, "काय झालं?"

ऐकल्यावर त्यांचे डोळे असे चमकले की त्यांना माझं वाईट वाटतंय की आनंद होतोय ते मला कळेना. "आपण आयकराचं विवरणपत्र भरू," ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "आप्पा, तिला भरायची गरज नाही." "म्हणूनच. गरज नसताना भरलेल्या कागदावर सरकारचा जास्त विश्वास बसतो." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. शिक्षण विचारलं. मी म्हटलं, चौथी. "उत्तीर्ण?" मी मान हलवली. त्यांनी अगदी ठळक लिहिलं, उत्तीर्ण. मग पगार लिहिला आणि त्याखाली लिहू लागले, मोफत जेवण, मोफत राहणं, दिवाळीची साडी. सगळ्यांची किंमत लावली आणि बेरीज सवलतीच्या मर्यादेच्या वर गेली.

वहिनी ओरडल्याच. "आप्पा! तिचं उत्पन्न कमी दाखवायचंय, वाढवायचं नाही!"

"उत्पन्न दाखवायचं नसतं. असतं ते लिहायचं असतं."

"मग पोरीचं शिक्षण खलास ना!"

आप्पांनी पेनाला टोपण लावलं. हा भला म्हातारा आपल्या खरेपणानं माझ्या मुलीला बुडवणार, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले. सगळ्यांची जेवणं झाली, मी जेवले, ते बघत राहिले. मी लाजून पाठ केली तर स्टूल फिरवून बसले. असे तीन दिवस. रात्री मी गादी कुठं घालते तेही त्यांनी विचारून घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी जोडपत्र लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: "सदर बाई सर्वांच्या नंतर दोन पोळ्या व उरलेली भाजी खातात. मी तीन दिवस समक्ष पाहिले आहे. उरलेल्या अन्नास बाजारात किंमत नाही. झोपण्यास स्वतंत्र खोली नाही, वॉशिंग मशीनशेजारी जागा आहे. त्यासही भाडे येणार नाही." बेरीज मर्यादेच्या आत आली. आप्पा खुशीत टाचण्या शोधू लागले. वहिनी मात्र लाल होऊन खाली बघत होत्या. त्या दुपारी त्यांनी माझं ताट आपल्या शेजारी वाढलं. "बस गं," एवढंच म्हणाल्या. आप्पा घाईघाईनं म्हणाले, "बसा, बसा. विवरणपत्र मागच्या वर्षाचं आहे. आता जेवलात तरी चालेल."

कागद पुण्याला त्यांच्या पुतण्यानं भरले आणि शिक्का मारलेली प्रत भावाकडे पाठवली. कचेरीतल्या त्याच माणसानं जोडपत्र दोनदा वाचलं म्हणे, आणि दाखल्यावर सही केली. मुदत संपायला दोन दिवस होते.

पुढं दोन हिवाळे आप्पा आले, मग गुडघ्यांमुळे थांबले, आणि एका उन्हाळ्यात पुण्यातच गेले. माझी मुलगी नर्स झाली, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात लागली. परवा तिचा फोन आला. चिडली होती. "आई, बघ ना, एवढ्याशा पगारातून कर कापला!" मी नुसतं हं हं करत राहिले. ती कुरकुरत होती, आणि मला मात्र कुणाला तरी पेढे द्यावेसे वाटत होते. फोन ठेवून मी बाल्कनीत गेले. खाली दुबईकडच्या गाड्यांची रांग लागली होती. माझी मुलगी कर भरते, असं मी हळूच एकदा म्हणून पाहिलं. ऐकून ज्याला आनंद झाला असता, असा माणूस आता घरात कुणीच नव्हता.