पिवळा न पडणारा कागद

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर कागदबाईंना सगळ्यात आधी दिसला तो डॉक्टरीणबाईंचा कोट. इतका पांढरा कोट त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"नवा शिवलात वाटतं?"

"कुठला नवा! जुनाच आहे," डॉक्टरीणबाई हसल्या. "मोतीबिंदू काढला की सगळ्यांना माझा कोट नवा वाटतो."

उजवा डोळा झाला होता, डावा पुढच्या महिन्यात व्हायचा होता. आठवडाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि शिडीवर तर पाऊलही ठेवायचं नाही, असं बजावून डॉक्टरीणबाईंनी थेंबांची बाटली बाईंच्या नवऱ्याच्या हातात दिली. थेंब म्हटल्यावर नवऱ्याची कळी खुलली. त्यांनी जन्मभर दवाखान्यात कंपाउंडरकी केली होती आणि गल्लीत त्यांना अजूनही सगळे कंपाउंडरच म्हणत. एक थेंब कमी नाही, एक जास्त नाही, असा त्यांचा हात.

घरी येईपर्यंत बाई लहान पोरीसारख्या खुशीत होत्या. रस्त्यावरच्या पाट्या वाचत होत्या, शेजारणीच्या दाराचा हिरवा रंग बघून "अगंबाई, हा हिरवा आहे होय!" म्हणत होत्या. स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत टेकल्या, कंपाउंडरांनी चहा ठेवला, आणि बाईंनी सहज मान वर करून तारेकडे पाहिलं.

चहा पुढ्यात आला तरी ती मान खाली आली नाही.

तारेची गोष्ट सांगायची तर आधी बाईंची सांगायला हवी. कागदबाई हे नाव त्यांना काही फुकट चिकटलं नव्हतं. छापखान्याच्या बांधणी खात्यात त्यांनी सव्वीस वर्षं कागद कापला, दुमडला, शिवला. डोळे मिटून नुसत्या बोटांनी त्या कागदाचं वजन सांगत. खराब निघालेले ताव घरी आणायच्या आणि त्यांना रंग द्यायच्या. त्यात ना झाड, ना घर, ना माणूस. नातेवाईक विचारायचे, "हे काय आहे?" बाई म्हणायच्या, "रंग." "कशाचा?" "कागदाचा." बोलणं तिथेच खुंटायचं.

पुढे त्यांचे कागद भिंतीवरून उतरले आणि छतापासून लोंबायला लागले. ताव एकामागे एक असे टांगायचे की माणसाला त्यांच्यामधून चालता यावं, उजेड कागदातून गाळून यावा आणि बघणाऱ्याच्या तोंडावर रंग पडावा. लांबून बघून मान डोलावणाऱ्यांचा बाईंना भारी राग. "आत शिरा की! कागद चावत नाही," असं त्या भल्याभल्यांना सुनवायच्या. नोकरी सुटल्यावर मोठमोठ्या हॉलांची बोलावणी येऊ लागली, पण गेली सात वर्षं बाईंच्या डोक्यात एकच काम होतं. त्याचं नाव दुपार.

बाई सहा वर्षांच्या असताना त्यांची आई आजारी पडली. तिला उजेड सोसेना, म्हणून वडिलांनी तिच्या खोलीच्या काचांवर आतून साधे कागद चिकटवले. दुपारी ऊन त्या अंगाला आलं की कागदांमधून एक रंग खोलीत उतरायचा. पिवळा म्हणावा तर पिवळा नाही, पांढरा म्हणावा तर पांढरा नाही. आवाज करायचा नाही या अटीवर दोघी बहिणींना तिथे बसता यायचं. वर्ष संपायच्या आत आई गेली आणि वडिलांनी कागद खरवडून काढले. बाईंना आईचा चेहरा आठवत नव्हता. फोटोत बघितलेला होता, तो वेगळा. खरं आठवत होतं ते एवढंच, तो रंग.

जगात तो रंग पाहिलेलं आणखी एकच माणूस उरलं होतं, ताई. बाईंपेक्षा आठ वर्षांनी मोठी, आईमागे तिनेच बाईंना वाढवलेलं. ती आजवर एकाही प्रदर्शनाला आली नव्हती. "कागद बघायला एवढ्या लांब कशाला येऊ?" म्हणायची. या वेळी मात्र गुडघ्यांना न जुमानता ती निघाली होती. प्रदर्शन उद्या उघडणार होतं, पण गर्दी नको म्हणून बाईंनी तिला आजच दुपारी तीन वाजता परस्पर हॉलवर बोलावलं होतं. एकशे चव्वेचाळीस ताव टांगून तयार होते. ताईने नुसतं "हो, हाच" म्हणावं, मग बाकी जगाने काय वाटेल ते म्हणावं, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

आता तार. खिडकीपासून कपाटापर्यंत बांधलेली आणि तिच्यावर चिमट्यांनी लावलेले दोन बोटं रुंद कागदाचे नमुने. रंगाचा प्रत्येक घाणा कालवला की त्याचा एक नमुना तारेवर जायचा. सात वर्षांचे साठ-पासष्ट तरी असतील. बाई रंग डोळ्यांनी ठरवायच्या, कंपाउंडर ड्रॉपरने थेंब टाकायचे. सगळे नमुने एकाच रंगाचे, म्हणजे दुपारचे. फक्त जुने थोडे पिवळे दिसायचे, पण त्यात नवल ते काय? कागद जुना झाला की पिवळा पडतो, हे छापखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून बाई जुन्या नमुन्यांवर कधी विसंबल्या नाहीत. आठवणीवरून नवा रंग लावायच्या, आणि वर्षभरात तोही पिवळा दिसायला लागला की सगळं खापर कागदवाल्याच्या डोक्यावर फोडायच्या. "पिवळा न पडणारा म्हणून गळ्यात मारलात ना हा?" त्या बिचाऱ्याने तीनदा कागद बदलून दिला.

आता उजव्या डोळ्याने त्या बघत होत्या. खिडकीजवळचा सात वर्षांपूर्वीचा नमुना काल रंगवल्यासारखा ताजा होता. पिवळा पडला नव्हता. तसूभरही पडला नव्हता. दुधावरच्या सायीसारखा, उबदार, बरोबर त्या खोलीतला. त्याच्यापुढचा किंचित फिका होता, त्यापुढचा आणखी थंड. मधल्या नमुन्यांत निळसर झाक होती आणि कपाटाजवळचा शेवटचा तर निळीत बुडवून काढलेल्या कपड्यासारखा दिसत होता. याच शेवटच्या घाण्याने एकशे चव्वेचाळीस ताव रंगवले होते.

बाईंनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं. शेवटचा नमुना झक्क दुपार, पहिला म्हाताऱ्या वर्तमानपत्रासारखा पिवळा. डावा झाकला, की सगळं उलटं. कागद पिवळा पडला नव्हता, डोळे पिवळे पडले होते. आणि त्या सात वर्षं दोष देत होत्या कागदाला!

"अहो," त्या म्हणाल्या, "हा शेवटचा कुठला रंग आहे?"

"निळा," कंपाउंडर बशीत चहा ओतत म्हणाले.

"निळा?"

"फिकट निळा. का गं?"

"तुम्हाला पहिल्यापासून निळा दिसतोय?"

"पहिल्यापासून कसा दिसेल? पहिला कुठे निळा आहे? आधी निळ्याचा एक थेंब असायचा. मग तीन झाले, मग सात. यंदा एकवीस."

"आणि तुम्ही मूग गिळून गप्प बसलात!"

कंपाउंडरांनी बशी खाली ठेवली. "एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, थेंब मोजायचं काम तुमचं, रंग बघायचं माझं. मी कानाला खडा लावला. मला वाटलं, कलेतलं काहीतरी असेल. दुपार नाव देऊन पहाट दाखवायची वगैरे. मला काय कळतं त्यातलं?"

बाई तसं म्हणाल्या होत्या. अगदी त्याच शब्दांत, आणि वर दारही आपटलं होतं.

हॉलवर पोचेपर्यंत बाईंना एकच आशा होती, की ताव टांगल्यावर, उजेडात, वेगळं दिसत असेल. रखवालदाराने दार उघडलं आणि बाईंचे पाय उंबऱ्यातच खिळले. समोर गारठा टांगलेला होता. छतापासून जमिनीपर्यंत निळा, मुका, परका गारठा. हे आपण केलं? आपल्या हातांनी? आत शिरलेल्या कंपाउंडरांचं तोंड पाण्यात बुडालेल्या माणसासारखं निळं दिसत होतं. मागच्या प्रदर्शनात बाईंनी या कामाचे पंचवीसेक ताव लावले होते, तेव्हा वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं होतं, "या कागदांत शिरताच अंगावर शहारा येतो, जणू बर्फाची गुहा." ते वाचून बाई पोट धरून हसल्या होत्या आणि समीक्षकाला डोळे नसतात असं चारचौघांत म्हणाल्या होत्या. आता ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उतरवा," त्या म्हणाल्या. "सगळे उतरवा."

"कोण उतरवणार?" कंपाउंडर हळूच म्हणाले. "तुला शिडी बंद. माझं वय बाहत्तर. टांगणारी माणसं येणार उद्या सकाळी. आणि ताई येणार तीनला."

"ताईला फोन करा. येऊ नकोस म्हणावं."

ताई सकाळीच घरातून निघाली होती. घड्याळात पावणेतीन झाले होते. बाई रखवालदाराच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून कंपाउंडर रुमाल घेऊन धावले, पण पाणी आतूनच येत होतं, त्याला ते काय करणार? उद्या जगाने नाक मुरडलं असतं तर बाईंनी खुशाल मुरडू दिलं असतं. पण ताई म्हणणार, "छे गं, असा नव्हता," आणि मग आईचं जे एवढंसं हाताशी होतं तेही खोटं ठरणार. त्या रंगाशिवाय त्यांच्यापाशी आईचं दुसरं काही नव्हतं.

ताई आली ती काठी टेकत, धापा टाकत आणि कुरकुरत. "किती त्या पायऱ्या! आणि काय गं बारके, एवढा मोठा हॉल, भिंतींना हा मळकट पिवळा कशाला फासलाय?"

भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. पण बाईंचं तिकडे लक्ष कुठलं? "ताई, आत नको जाऊस. चुकलंय माझं. सगळं चुकलंय."

"आता एवढी तंगडतोड करून आले ते तुझ्या रखवालदाराला बघायला?" असं म्हणत ताईने काठीनेच पहिला ताव बाजूला सारला आणि ती आत गेली.

बाई मागोमाग धावल्या. ताई चार-पाच ताव ओलांडून मधोमध उभी राहिली होती. कुरकुर थांबली होती. काठी उचललेली होती, टेकल्याचा आवाज होऊ नये तशी.

"ताई, अगं मी सांगते, माझ्या डोळ्यांमुळे..."

"शू!" ताईने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. आई झोपलीये."

बाईंच्या अंगावर काटा आला.

आई गेल्यापासूनच्या अठ्ठावन्न वर्षांत ताईच्या तोंडून हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं. आणि ती हे म्हणत होती इथे, या निळ्या गारठ्यात! "तुला... तुला तसाच दिसतोय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"तसाच म्हणजे काय! तोच आहे," ताईही कुजबुजली. तिचे गाल निळे दिसत होते आणि त्यांवरून पाणी ओघळत होतं. "ही खिडकी. इथे तू बसायचीस, पाय पोटाशी घेऊन. आणि तिकडे त्या कोपऱ्यात तिचा पलंग."

बाईंनी ताईच्या तोंडाकडे पाहिलं. नव्या डोळ्याने पाहिलं, म्हणून पहिल्यांदाच नीट दिसलं. ताईच्या दोन्ही बुबुळांवर साय धरली होती, दाट, पिकलेली. सगळे मागे लागून थकले होते, पण "मला सगळं दिसतंय" म्हणून तिने डोळ्यांच्या दवाखान्याची पायरी कधी चढली नव्हती.

मळकट पिवळ्या भिंतींचं कोडं बाईंना तेव्हा उलगडलं. त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला.

निळं गेलं आणि दुपार झाली. तीच, कागदातून गाळलेली, ना पिवळी ना पांढरी, उबदार. ताईच्या गालांवर ती पडली होती. बाईंनी ताईच्या बोटाच्या रोखाने कोपऱ्यात पाहिलं. आईचा चेहरा काही आठवला नाही. पण भिंतीकडे तोंड करून निजलेली एक पाठ आठवली, आणि उशीवर पडलेली वेणी. इतक्या वर्षांत हे कधी आठवलं नव्हतं.

"डोळा दुखतोय का गं?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग झाकलास कशाला?"

"असंच," बाई म्हणाल्या, आणि तळवा तसाच ठेवून ताईच्या शेजारी जमिनीवर बसल्या, पाय पोटाशी घेऊन.

कंपाउंडर दारात उभे होते. त्यांना एक निळा हॉल दिसत होता आणि त्यात एकमेकींच्या कानाशी कुजबुजणाऱ्या दोन म्हाताऱ्या. चार वाजले तसे ते थेंबांची बाटली घेऊन तावांमधून वाट काढत आले. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली वाकवलं.

"डॉक्टरीणबाईंना फोन करा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डाव्या डोळ्याची तारीख पुढे ढकला म्हणावं."

"अगं पण का? किती दिवस?"

"ताई जगात आहे तोवर."

कंपाउंडर काहीतरी विचारणार होते. पण त्यांनी बायकोच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं, आणि बाटलीचं झाकण उघडलं.