धोट्यावरची चव

यंत्रमागावरचे लोक माझ्या नवऱ्याला फुगा म्हणतात. डावा गाल कायम फुगलेला, म्हणून. आमच्या लग्नाच्या फोटोतही तो फुगलेला आहे. फोटोग्राफर दोनदा म्हणाला, "तोंडातलं आधी संपवा की हो," आणि ह्यांनी नुसती मान हलवली, कारण ते गिळायचं नसतं आणि थुंकायला तिथे जागा नव्हती. मी लाजून खाली बघतेय असं सगळ्यांना वाटलं. मी ह्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीकडे निघालेला तपकिरी ओघळ बघत होते.

मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीपर्यंत शिकले. तंबाखूच्या झाडाचं शास्त्रीय नाव मला पाठ होतं. पण त्या पानाचा चुन्यात मळलेला गोळा झोपेतही गालात राहिला, तर उशीच्या अभ्र्यावर कसला डाग पडतो आणि तो गरम पाण्यानेही का जात नाही, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. हे रात्रपाळीचे. सकाळी घरी येऊन झोपायचे. उशाशी पत्र्याचा एक डबा असायचा, पडल्यापडल्या थुंकायला. दुपारी तो मी धुवायची. श्वास रोखून, तोंड दुसरीकडे करून, नळ पूर्ण सोडून. तळाला साका बसायचा, तो काडीने खरवडावा लागे. सव्वीस वर्षं धुतला. आता आठवलं की डब्यापेक्षा माझीच जास्त शिसारी येते. कारण महिन्याच्या किराण्यात तेल-साखरेबरोबर ह्यांच्या पुड्याही मीच आणायची. पुडी संपली की घरात भांडी आपटायची, आणि मला शांतता हवी असायची.

सोडायचे अधूनमधून. एकदा सकाळी सोडली आणि दुपारी जाहीर केलं, "जेवणानंतरची एक ठेवतो. बाकी सगळी सोडली." एकदा मात्र सलग पाच दिवस काढले. पाचव्या दिवशी लेकीच्या वहीवर पाणी सांडलं एवढ्यावरून ह्यांनी ती वही खिडकीतून भिरकावली. लेक सात वर्षांची, रडून रडून लाल झालेली. मी कपाटातून पुडी काढली आणि ह्यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, "घ्या, आणि गप्प बसा." तो पाचवा दिवस मी बुडवला, ह्यांनी नाही.

ह्यांच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. यंत्रमागावर आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो धोटा. लाकडाचा, दीड-दोन वीत लांब, होडीसारखा. त्याच्या पोटात धाग्याची कांडी असते. कांडी काही मिनिटांत संपते. मग नवी बसवायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बाजूला असलेल्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते काढायची मागवाल्यांची एकच रीत: भोकाला ओठ लावायचे आणि जोरात आत ओढायचं. धागा सुर्रकन तोंडात येतो, सोबत कापसाचा भुगाही. चार माग सांभाळणारा माणूस एका पाळीत पाचशेच्या वर वेळा असे ओठ लावतो. पाळी बदलली की माणूस बदलतो. धोटे तेच राहतात.

ह्यांचा दिवसपाळीचा जोडीदार एकोणीस वर्षं तोच होता. तोही खाणारा. दोघे सकाळ-संध्याकाळ एकमेकांच्या धोट्यांना तोंड लावत आले आणि दोघांनाही त्यात काही वाटलं नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, म्हणजे तुम्ही एकमेकांची थुंकी पिता की!" तर हे म्हणाले, "त्याची पुडी जरा कडक असते. तेवढाच फरक."

गेल्या वर्षी जोडीदाराचं तोंड उघडेना. आधी दोन बोटं जायची, मग एक, मग भाकरीचा तुकडा दाबून चपटा करून आत सरकवावा लागे. गालाच्या आत पांढरा चट्टा. इस्पितळात नेलं. त्याला बघून आल्यावर ह्यांनी चप्पल काढायच्या आधी तळहातावर तंबाखू घेतली. "तो हलक्या मालाची खायचा," हे म्हणाले, "आणि तोंडही धुवायचा नाही."

जोडीदाराची जागा रिकामी राहिली तर मालक चारही माग दुसऱ्या घराला देणार होता. आमची एकुलती एक मुलगी परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसलेली. सुट्ट्यांमध्ये ती माग चालवायला शिकलेली होती, हात चांगला होता; धोटे मात्र तेव्हा जोडीदारच भरून द्यायचा. म्हणाली, "तीन-चार महिने मी करते दिवसपाळी. जोडीदारकाका बरे होईपर्यंत." मला तिचे बारा तास उभं राहणं खुपत होतं, मागांच्या आवाजाने कान जातील ही भीती होती. धोट्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी सातला तिने बापाकडून माग घेतले. पहिली कांडी बसवली, भोकाला ओठ लावले आणि ओढलं. धाग्याबरोबर कडू, कोमट, चिकट असं काहीतरी थेट घशात गेलं. ती तिथेच, मागाशेजारी, कापडावर पडू नये म्हणून वाकून ओकली. हे अजून निघाले नव्हते. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून दिला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "होतं पहिल्यांदा सगळ्यांना. सवय होईल."

घरी येऊन हेच त्यांनी मला सांगितलं, समजूत घालावी तसं. मी भडकले. "कशाची सवय होईल तिला? तुमच्या थुंकीची?"

"अगं, मागावर हे असंच चालतं. धोटा काय धुवून देऊ तिला?"

"तोंड धुवा. निदान."

"धुतो ना," म्हणाले, आणि त्या गालातला गोळा ह्या गालात नेला.

दुसऱ्या दिवशी तिला नुसती मळमळ झाली. आठवड्यानंतर तीही थांबली. पंधरा दिवसांनी मी विचारलं तर म्हणाली, "आता काही नाही होत गं. उलट सकाळी पहिल्या दोन-तीन कांड्यांना झोप उडते, तरतरी येते." हे तिने सहज, वेणी घालता घालता सांगितलं. मी मनाला समजावलं की एवढ्याशा थुंकीत काय असणार, पोरीचा भास आहे.

मग तिचा सुट्टीचा दिवस आला. सकाळपासून तिचं डोकं दुखत होतं, माझ्यावर दोनदा खेकसली. मी वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेले आणि आत आले तर ती ह्यांच्या उशाशी उभी. हे घोरत होते. तिच्या हातात ह्यांची तंबाखूची डबी होती, उघडी, आणि ती डोळे मिटून वास घेत होती. माझी शिकलेली, नखं स्वच्छ ठेवणारी, दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी न पिणारी मुलगी.

"नुसता वास घेतला," ती म्हणाली. "बरं वाटतं."

मी ह्यांना हलवून उठवलं. ओरडले नाही. तिला म्हटलं, "मला सांगितलंस ते बाबांना सांग." तिने सांगितलं. तरतरीचं, डोकेदुखीचं, वासाचं, सगळं. हे अंथरुणावर बसून ऐकत होते. झोपेत सुटलेला ओघळ हनुवटीवर वाळलेला. मग गालात बोट घालून त्यांनी तो गोळा काढला आणि बोटावर धरून बघत बसले. तो भिजलेला, काळपट, लाळेने तकाकणारा गोळा. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी तो बाहेर काढून कधी नीट बघितलाच नव्हता. "काय घाण आहे," एवढंच म्हणाले.

पुढचे दिवस सुंदर नव्हते. दातांच्या डॉक्टरने ह्यांच्या तोंडात दिवा धरून डाव्या गालात एक चट्टा दाखवला. अजून साधा आहे, म्हणाला, पण सोडली तरच साधा राहील. चघळायला औषधी गोळ्या दिल्या. हे हिरड्यांना बोट लावून रिकामाच गाल चाचपायचे. रिकाम्या तळहातावर अंगठा घासत बसायचे, घासून घासून कातडी सोलली. चार दिवस शौचाला झालं नाही. पाचव्या दिवशी ह्यांनी मोरीच्या दाराला लाथ घातली. मी कपाटाकडे गेले नाही. कपाटात काही नव्हतंच. हिरड्यांवरचं जुनं किटण सुटायला लागलं, तर तोंडाला आधीपेक्षाही भयंकर वास येऊ लागला, उंदीर मेल्यासारखा. मी ताट पुढे ठेवून लांब बसायची. सोडणारा माणूस पाहून कुणाला कौतुक वाटत असेल तर वाटो. मला त्या दिवसांत ह्यांच्या जवळ बसवत नव्हतं.

अकराव्या रात्री हे घसरले. शेजारच्या मागावरच्याने हात पुढे केला आणि ह्यांनी चिमूट घेतली. एकच, म्हणे. सकाळी सातला मुलगी आली. पहिल्या धोट्याला ओठ लावले आणि थांबली. बापाकडे बघितलं. मग कमरेचा रुमाल काढला, पाण्यात भिजवला आणि चारही धोटे एकेक करून, सगळ्या रांगेदेखत, पुसायला लागली. माग बंद, लोक बघताहेत.

शेजारचा हसला. "काय गं, बापाचं उष्टं चालत नाही होय तुला?"

"उष्टा घास असता तर खाल्ला असता, काका," ती म्हणाली. "हा घास नाहीये."

"अगं, चिमूटभर घेतली त्याने. एवढं काय?"

"चिमूटभर त्यांनी घेतली. मला विचारून घेतली का?"

हे मला ह्यांनीच घरी येऊन सांगितलं, एकेक शब्द, भिंतीकडे तोंड करून. सांगून झाल्यावर म्हणाले, "तिला चव कळली गं. थांबली, पण आधी एकदा गिळलं तिने. मी बघितलं." त्यानंतर आजपर्यंत त्यांनी तोंडात काही टाकलेलं नाही. चार महिने होतील.

मुलीला मी आता दर आठवड्याला विचारते, तलफ येते का. तिला राग येतो, पण विचारते. जोडीदार अजून परतलेला नाही, दिवसपाळी तिच्याकडेच आहे. तारेचा एक आकडा मिळतो, भोकातून धागा ओढायला. तोंडापेक्षा वेळखाऊ, म्हणून मागावर त्याची चेष्टा होते. तिने तो आणला आणि वापरायला लागली. कापड थोडं कमी निघतं. मी म्हटलं, "बाबांनी सोडली, धोटे स्वच्छ आहेत. मग आकडा कशाला?"



"स्वच्छ आहेत म्हणूनच," ती म्हणाली. "तोंड लावलं की काहीच लागत नाही. आणि मग चुकल्यासारखं होतं."

हे आतल्या खोलीत जागे होते. बाहेर आले, दारात उभे राहिले. त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण मध्येच थांबले, तंबाखू मळून मळून काळवंडलेला अंगठा बघितला, आणि आधी मोरीत जाऊन साबणाने हात धुवायला लागले. खूप वेळ धूत होते.