जेवल्याशिवाय वायफाय नाही

जेवल्याशिवाय कोणालाही इंटरनेट मिळू नये, असा नियम जगात एकाच माणसाने केला असेल, आणि ते म्हणजे माझे थोरले दीर. गाव त्यांना आबा म्हणतं. आमचं गाव दोंडाईच्याजवळ, मिरचीचं. तिथे त्यांनी सगळ्यांसाठी फुकट वायफाय लावलं. जुना राउटर आणला, त्यातलं मूळचं काढलं आणि मोकळं सॉफ्टवेअर घातलं. मोकळं म्हणजे काय, हे ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "वांग्याच्या भरताची कृती कोणी कुलपात ठेवतं का? तसंच हे. कोणीही घ्या, आपापली मिरची घाला." राउटर भिजू नये म्हणून त्यावर माझी लोणच्याची बरणी पालथी घातली. मग मोबाइल डोळ्यांपुढे धरून, आहे की नाही ते आमच्या अहिराणीत ओरडत, शेतातून उलटं चालत रेंज मोजली. "शे... शे... शे... नही शे!" हे शेवटचं ते विहिरीच्या काठावर थांबून ओरडले, म्हणून वाचले.

त्यांनी घातलेली मिरची अशी, की वायफाय जोडलं की आधी एक पान उघडायचं. कोणाच्या घरचे? जेवण झालं का? खाली, काही सांगायचं असल्यास रिकामी जागा; लिहिलेलं आबांच्या मोबाइलवर जायचं. 'नाही' दाबलं, तर 'समोरच्या घरात या' असं यायचं, म्हणजे आमच्याच, आणि माणूस जेवून हात धुवायचा तेव्हाच आबा आपल्या मोबाइलवरून नेट सोडायचे. 'हो' दाबून सुटता आलं असतं, पण आमच्याकडे अन्नावर कोणी खोटं बोलत नाही.

"आबा, माले फक्त फॉर्म भरना शे!"

"पहिले जेव, मंग भर."

एकदा लग्नाचा टेम्पो गावात बंद पडला. मेकॅनिक शोधायला अख्ख्या वऱ्हाडाने मोबाइल काढले, आणि अख्खं वऱ्हाड जेवून गेलं. नवरदेवाने तर भरीत दोनदा मागितलं.

भाकरी थापायची मी. खांदे भरून यायचे, माझं जेवण रोज चारला. "तूच सांग आबाले," नवरा हसून म्हणायचा. पण सांगणार कशी? सून थोरल्या दिरासमोर बोलत नाही. ते खोकले, की मी पदर घेऊन आत. त्यांनाही चहा हवा असला, तर ते भिंतीशी बोलतात, "भिंती, चहा मिळी का?" इतक्या वर्षांत आमच्यात जे काही बोलणं झालं, ते त्या भिंतीमार्फत.

एका दुपारी मी मोबाइल घेऊन न्हाणीमागे गेले आणि वायफाय जोडलं. कोणाच्या घरचे? 'याच.' जेवण झालं का? 'नाही.' रिकाम्या जागेत एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'सगळं गाव जेवलं. मी राहिले.' लगेच उत्तर आलं, 'समोरच्या घरात या.'

ओट्यावर आबांचा मोबाइल वाजला. मग स्वयंपाकघरात एक भांडं पडलं, दुसरं पडलं, धूर बाहेर आला. शेवटी खोकला.

"भिंती, ताट वाढेल शे," ते म्हणाले आणि ओट्यावर निघून गेले.

वाढलेल्या ताटातली भाकरी एका बाजूने जळालेली, दुसऱ्या बाजूने कच्ची. मी सगळी खाल्ली. मोरीत हात धुतल्याचा आवाज ओट्यापर्यंत गेला, तसं नेट सुरू झालं. नेटवर माझं काहीच काम नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पानावर सगळ्यांना नुसतं 'राम राम' येतं आणि नेट मिळतं. जेवणाचं विचारतं ते फक्त माझ्या मोबाइलवर. आबा आता साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांना वायफाय लावत फिरतात, सणावारालाच घरी येतात. मी वेळेवर जेवते. तरी एखाद्या दुपारी पान उघडून 'नाही' दाबते. 'समोरच्या घरात या,' ते म्हणतं. अन्नावर खोटं बोलू नये, कळतं मला. पण मग थोडा वेळ तशीच बसते, ओट्यावर कोणी खोकतंय का ऐकत.